वाचकांचे प्रश्न: डिटेक्टर, खिळे आणि गुंजभर सोनं

मागच्या अंकात मी डनॉलीच्या जंगलात डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू हुडकणारं मशीन, घेऊन फिरण्याबद्दल दीड पान लिहिलं होतं, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात 1851 नंतर जिथे सोन्यासाठी झुंबड उडाली त्या जुन्या डिगिंग्जवर (सोन्यासाठी खणलेल्या जागांवर) हौसेने सोनं शोधण्याबद्दल. मला वाटलं चार लोक वाचतील. पण प्रश्न आलेत ढीगभर, त्यातले निवडक घेतोय. सारखे सारखे होते ते एकत्र केलेत, कुणी रागावू नका.

नवरा सहा महिने व्हिडिओ बघतोय आणि आता नऊ हजार डॉलरचा डिटेक्टर घ्यायचा म्हणतोय. दोन वर्षांत पैसे वसूल होतील असं त्याचं गणित आहे. होतील का? (एक वाचक, तार्नेट)

वहिनी, नाही होणार. आता हे त्याला कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

व्हिडिओत काय होतं, माणूस आठ तास फिरतो, त्यातले साडेसात तास खिळे आणि शिशाचे छर्रे काढतो, आणि आपल्याला दिसतात ती शेवटची बारा मिनिटं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मशीन भाड्याने घेतलं होतं, दोन दिवसांत काय सापडलं ते घरी येऊन ताटात ओतून मोजलं, त्रेसष्ट खिळे, अकरा गोळ्या, बुटाच्या टाचेची एक नाल आणि बियरच्या कॅनच्या रिंगा. सोनं शून्य. पहिलं सोनं चौथ्या खेपेला मिळालं, 0.4 ग्रॅम. आपल्या मापात सव्वातीन गुंजा. आजी असती तर म्हणाली असती एवढ्याने नथीचा फासा पण होत नाही. पण मी तो तुकडा तळहातावर घेऊन तिथेच मातीत बसलो होतो बराच वेळ, हेही खरं आहे.

तर माझं म्हणणं, आधी भाड्याने घ्या किंवा हजार-दीड हजार डॉलरचं साधं मशीन घ्या. वर्षभर महिन्यातून एकदा जायचा उत्साह टिकला तर मग मोठ्याचं बघू. आणि महाग मशीनच लागतं असंही नाही. 2023 मध्ये एका माणसाने याच भागात इक्विनॉक्स 800 नावाच्या बऱ्यापैकी स्वस्त मशीनवर 4.6 किलोचा दगड काढला, त्यात 2.6 किलो सोनं निघालं, किंमत दोन लाख चाळीस हजार डॉलर. ही गोष्ट नवऱ्याला सांगू नका, नाहीतर उद्याच निघेल.

स्वस्त आणि महाग मशीनमध्ये नक्की फरक काय? दुकानदार व्हीएलएफ, पीआय असं काहीतरी बोलत होता, मी नुसती मान हलवली. (पॉइंट कुक)

मीपण पहिल्या वेळी मानच हलवली होती.

साध्या भाषेत सांगतो. व्हीएलएफ म्हणजे एकाच वेळी बोलणारा आणि ऐकणारा माणूस. कॉइलमधून (मशीनच्या दांड्याच्या टोकाची गोल तबकडी) सतत लहरी सोडतो आणि त्याच वेळी जमिनीतून काय परत येतं ते ऐकतो. पीआय म्हणजे विहिरीत तोंड घालून हाक मारणारा, हाक मारली की एकदम गप्प बसतो आणि मग ऐकतो. कॉइलमध्ये करंटचा झटका द्यायचा, तो एकदम तोडायचा, आणि तोडल्यावर जमिनीतल्या धातूत जे प्रवाह क्षणभर घुटमळत राहतात त्यांचा आवाज पकडायचा.

आता याचा इथे काय संबंध, तर इथली माती. कोकणातला जांभा आठवा, लोखंडाने लाल झालेला, तशीच लालभडक लोखंडी खड्यांची जमीन डनॉली-टारनागुल्लाकडे जागोजागी आहे. व्हीएलएफला ही जमीनच धातूसारखी वाटते, मशीन किंचाळत सुटतं आणि त्या गोंगाटात सोनं बुडून जातं. पीआय हाक मारून थोडं थांबतं तेवढ्यात मातीचा बराचसा आवाज विरून जातो आणि धातूचा उरतो, म्हणून ते खोल जातं. ॲडलेडच्या माइनलॅब कंपनीने 1995 च्या सुमारास एसडी 2000 बाजारात आणलं तेव्हा लोक ज्या जागा संपल्या म्हणून सोडून गेले होते तिथे परत जाऊन सोनं काढायला लागले, ते याच्यामुळेच.

पण पीआयची खोड अशी की त्याला लोखंड आणि सोनं यातला फरक नीट कळत नाही. व्हीएलएफ निदान सांगतं तरी की बाबा हा खिळा असावा. पीआयवाल्याने सगळं खणायचं. आणि खरं सांगू का, व्हीएलएफने खिळा आहे म्हटलं तरी खणाच, कारण गंजलेल्या खिळ्याच्या शेजारी सोनं असलं की मशीनला खिळाच जास्त ऐकू येतो.

बीचवर नाणी शोधायचं मशीन आहे, ते चालेल का? (फ्रँकस्टन)

चालेल, पण लाल मातीत डोकं उठवेल. पांढऱ्या-पिवळसर मातीच्या जागा निवडा आणि सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा.

पावणेदोनशे वर्षं लोक खणतायत, त्यात मागची चाळीस-पन्नास वर्षं डिटेक्टरवाले. आता काय उरलंय तिथे? (तीन-चार वाचक, त्यातले एक काका तर चिडूनच लिहितायत)

काका, चिडू नका, प्रश्न एकदम बरोबर आहे.

पहिली गोष्ट, जुन्या लोकांनी सगळं खणलं नाही, घाईघाईने खणलं. सुरुवातीला एका माणसाला आठ फूट बाय आठ फूट एवढाच तुकडा मिळायचा, म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षा छोटा. त्यात खड्डा मारायचा, तळाशी चिकणमातीत सोनं लागलं तर ठीक, नाही लागलं तर पुढे. मधेच बातमी यायची की वीस मैलांवर अमक्या ओहोळात सोनं निघालंय, की रातोरात अख्खा तळ उठून तिकडे. दोन खड्ड्यांच्या मधली माती तशीच राहिली. शिवाय डनॉलीच्या बाजूला पाण्याची बोंब, आणि पाणी नसलं तर माती धुणार कशी?

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. ते लोक माती धुवायचे पडलर नावाच्या गोल खड्ड्यात, मधे खांब, त्याला घोडा बांधलेला, आपल्या चुन्याच्या घाणीसारखं. घोडा गोल फिरायचा, चिकणमातीचा राडा व्हायचा, सोनं खाली बसायचं. पण मोठे दगड आणि न विरघळलेले मातीचे गोळे फावड्याने बाहेर फेकून द्यायचे. आता त्या गोळ्याच्या पोटात पाच ग्रॅमचा नगेट, म्हणजे सोन्याचा खडा, असला तर? तो गेला ढिगाऱ्यावर. बारीक सोन्याच्या मागे लागलेल्या माणसांनी जाडं सोनं हाताने फेकून दिलंय. म्हणून कुठेही गोल पडलर दिसला (आता तिथे नुसता गवत वाढलेला गोल चर असतो, मधे उंचवटा) की मी आधी बाहेरचे ढिगारे बघतो.

आणि तिसरी, काही सोनं वरच होतं आणि कुणी बघितलंच नाही. मोलियागुलला 5 फेब्रुवारी 1869 ला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना वेलकम स्ट्रेंजर नावाचा नगेट सापडला, निव्वळ सोनं बहात्तर किलोच्या आसपास, आणि तो होता जमिनीखाली फक्त तीन सेंटीमीटरवर, झाडाच्या मुळाशी. तीन सेंटीमीटर! एवढ्या खोल तर आपण मेथी पेरतो. डनॉलीला वजन करायला नेला तर एवढा मोठा तराजूच नव्हता, शेवटी ऐरणीवर ठेवून तोडावा लागला. जगातला सगळ्यात मोठा नगेट, आणि त्याचा मूळ अवस्थेतला एक फोटो नाही.

डिटेक्टरच्या काळातलं म्हणाल तर 1980 मध्ये केव्हिन हिलियर यांना किंगोवरजवळ 27 किलोचा हँड ऑफ फेथ नावाचा नगेट मिळाला, फुटभर खोलीवर, उभा. लास वेगासच्या एका कॅसिनोने तो दहा लाख डॉलरच्या वर देऊन घेतला. आणि 2013 च्या जानेवारीत बॅलरॅटजवळ साडेपाच किलोचा, साठ सेंटीमीटर खोल, आधी बाकीच्यांनी भरपूर फिरून झालेल्या जागेत.

आता हे वाचून कुणी नोकरी सोडू नका. मला सात वर्षांत मिळून साडेतीन तोळे झालेत, पेट्रोल धरलं तर सराफाकडून घेणं स्वस्त पडलं असतं. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर, उरलंय. थोडं उरलंय, आणि जिथे आधी सापडलं त्याच्याच आजूबाजूला उरलंय. नव्या जंगलात जाऊन नशीब काढीन म्हणणाऱ्याला निव्वळ व्यायाम होतो.

सिग्नल आला की खणायचं कसं? मी एकदा अर्धा तास खणलं आणि सिग्नलच गायब झाला. (क्रेगीबर्न)

गायब नाही झाला, तुम्ही उपसलेल्या ढिगात गेला आणि तुम्ही खड्ड्यातच शोधत बसलात. सगळ्यांचं होतं.

असं करा. कॉइल जमिनीलगत, अगदी घासत म्हटलं तरी चालेल, हळू फिरवा, केर काढतो तशी झपझप नाही, लादी पुसतो तशी. आवाज आला की उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडून फिरवून बघा, दोन्हीकडून सारखा गोल आवाज आला तर आशा आहे. आधी पायाने वरचा पाला आणि सुट्टी माती बाजूला करा, निम्मे सिग्नल इथेच हलतात, ते छर्रे किंवा फॉइल. नाही हलला तर पिकने, म्हणजे छोट्या कुदळीने, थोडं थोडं. पिकच्या मागे लोहचुंबक लावून घ्या, खिळे आपोआप चिकटतात आणि बराच त्रास वाचतो.

प्रत्येक चार फावड्यांनी खड्ड्यावर कॉइल फिरवा. आवाज बंद झाला म्हणजे माल ढिगात. मग प्लास्टिकचा स्कूप घ्या, प्लास्टिकचाच, माती भरा, कॉइलवरून फिरवा. वाजला का? अर्धी माती हातावर घ्या, उरलेला स्कूप परत फिरवा. वाजत नाही, म्हणजे हातावरच्या मातीत आहे. ती परत अर्धी करा. असं करत करत शेवटी चिमूटभर लाल माती उरते आणि ती कॉइलवर टाकली की टप असा आवाज येतो. बोटाने चुरा करा, थुंकी लावून पुसा (बायको बघत नसताना). दहातल्या नऊ वेळा शिसं, तेही जडच असतं त्यामुळे मन उगाच धावतं. पण शिसं करडं-पांढरं. सोन्याला पुसावं लागत नाही फारसं, मातीतून वर येतानाच पिवळं असतं.

आणि खड्डा बुजवा. मागच्या लेखात मी हे लिहायचं विसरलो म्हणून बेंडिगोच्या एका वाचकांनी खरमरीत मेल केलाय आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. हा कायदाच आहे, आणि कांगारू, ससे, रात्री फिरणारी माणसं पाय मोडून घेतात. माझी चूक, मान्य.

मी साताऱ्याहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलोय, व्हिजिटर व्हिसावर. मला परवानगी मिळेल का? आणि सापडलेलं सोनं भारतात नेता येईल का? (वय 68)

काका, मिळेल की. माइनर्स राइट नावाचा परवाना ऑनलाइन काढायचा, पंचवीस-तीस डॉलर, दहा वर्षं चालतो, त्याला इथलं नागरिक असायची अट नाही. सरकारी जमिनीवर, म्हणजे स्टेट फॉरेस्ट वगैरे, हातातल्या अवजारांनी जे सापडेल ते तुमचं. नॅशनल पार्कमध्ये साधारणपणे बंदी आहे, काही ठरावीक पट्टे सोडून. कुणाच्या शेतात जायचं तर मालकाची परवानगी घ्या. कुठे काय चालतं ते जीओव्हिक नावाच्या सरकारी नकाशावर फुकट बघता येतं, मुलाला सांगा बघून द्यायला.

तुम्ही साताऱ्याचे म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. हा परवाना असा स्वस्त फुकटात मिळालेला नाही. आधी महिन्याला तीस शिलिंग लायसन्स होतं, सोनं सापडो न सापडो, आणि पोलीस शिकारीसारखे तपासायला यायचे. बॅलरॅटला खाणवाले चिडले, युरेका नावाच्या जागी लाकडी कुंपण घालून उभे राहिले, 3 डिसेंबर 1854 च्या पहाटे सैन्याने हल्ला केला, माणसं मेली. पण पुढच्याच वर्षी वर्षाला एक पौंडाचा माइनर्स राइट आला आणि त्याबरोबर मताचा हक्कसुद्धा. तुमच्या पाकिटातला तो कागद त्याचाच नातू आहे.

भारतात न्यायचं तर विमानतळावर सरळ रेड चॅनेलला जाऊन दाखवा. प्रवाशांना जी सूट आहे ती दागिन्यांना आहे, कच्चा नगेट म्हणजे दागिना नाही. ग्रॅम-दोन ग्रॅमसाठी लपवालपवी करून म्हातारपणी कस्टमच्या बाकावर बसू नका.

चौकोनी भोकाचं तांब्याचं नाणं सापडलं. विकू का? (बॅलरॅट)

चिनी नाणं आहे. नशीबवान आहात. पण परवाना सोन्याचा आहे, जुन्या वस्तूंचा नाही. जुन्या वस्तीच्या, चुलीच्या, घराच्या खुणा असलेल्या जागा हेरिटेज कायद्याखाली येतात, तिथे खणूच नका. हे चिनी लोक मुख्यतः ग्वांगडाँगकडचे. 1855 मध्ये व्हिक्टोरियाने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर लावला, तर ते शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदराला उतरायचे आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत डिगिंग्जवर यायचे, खांद्यावर कावड. ते नाणं त्यातल्याच कुणाच्या खिशातून पडलेलं असू शकतं. मला विचाराल तर विकण्याआधी गावातल्या म्युझियमला दाखवा.

मुलं सात आणि दहा वर्षांची. डिटेक्टर त्यांना झेपत नाही. काही करता येईल का? (वेरिबी)

पॅन, म्हणजे माती धुवायची पसरट थाळी, द्या हातात आणि ओढ्यावर बसवा. आपल्याकडे सराफकट्ट्यावर दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून धुणारे झारेकरी असायचे ना, अगदी तेच तंत्र. सोनं वाळूच्या सातपट जड, पाण्यात हलवलं की तळाला बसतं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत पहाटे एक झारेकरीण यायची, कुंचल्याने फटीफटीतली धूळ काढायची, आम्ही हसायचो तिला. आता मी तिच्यासारखाच उकिडवा बसून दगडांच्या फटी खरवडतो आणि वर त्याचे पेट्रोलला पैसे देतो.

माझं सोलापूर जिल्ह्यात शेत आहे, जुन्या गढीला लागून. तुमच्यासारखा डिटेक्टर आणून बघावा म्हणतो. एक जण अँटेनाचं मशीन देतोय, शंभर मीटरवरून सोनं दाखवतं म्हणे, दीड लाखाला. (नाव न छापण्याची विनंती)

नको. तीन कारणं आहेत आणि तिन्ही मोठी आहेत.

शंभर मीटरवरून सोनं दाखवणारं मशीन जगात नाही. नऊ हजार डॉलरचं मशीन ग्रॅमभराचा तुकडा वीतभर खोलीवर दाखवताना धापा टाकतं. ती अँटेना म्हणजे बुजगावण्याच्या हातातली काठी, धरणाऱ्याच्या मनगटाप्रमाणे फिरते.

दुसरं, नैसर्गिक सोनं म्हणाल तर तुमच्या पायाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. इथलं व्हिक्टोरियातलं सोनं येतं गारगोटीच्या शिरांमधून, फार जुन्या खडकांतून. आपल्या बाजूला तसे खडक बघायचे तर कर्नाटकात कोलार, हुट्टी. कोलारची खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती, 2001 ला बंद झाली. सोलापूरच्या शेतात नगेट नाही निघणार.

आणि राहिलं गुप्तधन. 1878 चा कायदा आहे, अजून लागू आहे, जमिनीत दडवलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तुमच्या स्वतःच्या शेतात सापडलं तरी. गढी किंवा किल्ला संरक्षित असेल तर तिथे खणणं हा वेगळाच गुन्हा. आणि या अँटेनावाल्यांच्या मागोमाग एक बाबा येतो, मग लिंबू येतात, मग अमावस्या येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. दीड लाखात बोअरला पंप बसवा.

एकटं जाणं सेफ आहे का? (आई, पुणे. मुलगा मेलबर्नला असतो)

काकू, एकटं जाऊ देऊ नका. सापांची भीती तुम्हाला वाटत असेल, ब्राउन स्नेक आहेत आणि विषारी आहेत, पण उन्हाळा टाळला, जाड बूट आणि गेटर (पोटऱ्यांवर बांधायचं जाड आवरण) घातले तर तो आपल्या वाटेने जातो. मला जास्त भीती जुन्या शाफ्टची, म्हणजे खाणवाल्यांनी खणलेल्या उभ्या खोल खड्ड्यांची. जंगलात हजारो आहेत, कुंपण नाही, पाटी नाही, काहींच्या तोंडावर कुजलेल्या फांद्या आणि पाला. कानात हेडफोन, नजर कॉइलवर, आणि माणूस सिग्नलच्या नादात एक-एक पाऊल मागे सरकतो. मी स्वतः एकदा मागे सरकताना थांबलो ते केवळ पाण्याची बाटली घ्यायला वळलो म्हणून, वळून बघतो तर दोन पावलांवर काळं भोक. दगड टाकला, आवाज यायला वेळ लागला. तेव्हापासून मागे सरकायचं तर आधी वळून बघतो, आणि हेडफोन एकाच कानाला लावतो.

फोनला रेंज नसते. निघताना नकाशावर पिन टाकून घरी पाठवायची आणि परत कधी येणार ती वेळ सांगायची. आणि पाणी, वाटतं त्याच्या दुप्पट.

पिवळं चकाकणारं काहीतरी दगडात सापडलं. सोनं कसं ओळखू? (दोन वाचक, फोटोसह)

सुई टोचा. सोन्यात खळगा पडतो, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणारं खनिज) चुरा होतो, अभ्रकाचा पापुद्रा निघतो. आणि सावलीत धरून बघा, सोनं सावलीतही तेवढंच पिवळं दिसतं, बाकीची मंडळी उन्हाच्या जिवावर चमकतात. तुमचे दोन्ही फोटो पायराइटचे वाटतायत. सॉरी.

सगळं सांगितलंत, पण साडेतीन तोळे नक्की कुठे सापडले ते कुठेच लिहिलं नाही. (सहा वाचक)

डनॉलीच्या पोस्ट ऑफिसपासून चाळीस किलोमीटरच्या आत.